हवा टायरमध्ये हवी, डोक्यात नको

पनवेलमध्ये नुसतं 'पिकअप' म्हटलं तर डोळ्यांसमोर येते ती पहाटे भाजी मार्केटला लागलेली गाडी. हौद्यात टोमॅटोचे क्रेट, मागच्या फळीवर देवाचं नाव, आणि टायर गुळगुळीत झाला तरी मालकाचं ठरलेलं उत्तर, 'अजून दोन महिने काढेल की.' ही पिकअप घर चालवते. गेल्या काही वर्षांत शहरात दुसरी एक पिकअप दिसायला लागली आहे. उंच, रुंद, चकाचक, पांढऱ्या नंबरप्लेटवर एमएच-४६ आणि हौदा बहुतेक वेळा रिकामा. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, आणि त्यांच्याच पंगतीला बसणारी थार आणि गुरखा. कॉलेजच्या गेटसमोरून अशी एखादी गाडी गेली की कट्ट्यावरच्या गप्पा थांबतात, माना वळतात आणि मग चर्चा सुरू होते ती गाडीची कमी आणि तिला काय काय 'लावलंय' याची जास्त.

या गाड्यांना नावं ठेवायला हा लेख नाही. आवड ही आवड असते. कुणी ट्रेकला जातं, कुणी कॅमेऱ्यावर पैसे घालतं, कुणी गाडीवर. आमचं म्हणणं एवढंच आहे की या गाडीची मालकी शोरूममधून चावी घेतल्यावर संपत नाही, तिथून सुरू होते. आणि आपल्याकडे ती भलत्याच टोकाकडून सुरू होते. आधी बंपर, मग लाइट, मग आवाज. ब्रेक, टायरची हवा आणि कागदपत्रं सगळ्यांत शेवटी, किंवा पोलिसाने हात केला की.

'माझ्याकडे कुठे थार आहे, मला काय त्याचं?' असं म्हणून पान उलटू नका. तुम्ही स्कूटीवर असाल, सायकलवर असाल, स्टेशनकडे पायी निघाला असाल, तर समोरून येणाऱ्या त्या गाडीचा बंपर आणि लाइट हा तुमचाही विषय आहे.

आवड कुठून आली

महाराष्ट्राला जीप नवी नाही. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात. पुढे गावोगावी जीप ही वडाप म्हणून, निवडणुकीच्या प्रचारात, तहसीलदाराच्या दारात दिसत राहिली. २०१० मध्ये थार आली आणि २ ऑक्टोबर २०२० ला तिचं नवं रूप आलं, तेव्हा कामाची जीप एकदम शौकाची गाडी झाली. ही थार आपल्या नाशिकमध्ये बनते. गुरखा बनवणारी कंपनी पुण्याची. व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यातून. हायलक्स २०२२ मध्ये आली, तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमतच ३३ लाख ९९ हजार होती. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस ताकद, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, लांबी सव्वापाच मीटरच्या वर. पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत ही गाडी वळवून दाखवणं हाच एक ऑफ-रोडिंगचा प्रकार म्हणायला हवा.

आणि पनवेलला या गाड्या शोभतातही. एका बाजूला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, दुसरीकडे कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, मागे माथेरानची डोंगररांग, समोर कर्नाळ्याचा सुळका, तासा-दीड तासात अलिबागचा किनारा. पावसाळ्यात गाढी नदी भरून वाहते, गाढेश्वरच्या बाजूचे रस्ते चिखलाने माखतात. फोर बाय फोर कशाला हवी, असं इथे कुणी विचारलं तर उत्तर खिडकीबाहेरच दिसतं.

मग बिनसतं कुठे? जी गाडी कंपनीने शेकडो चाचण्या करून तयार केली, तिला आपण एका दुपारीत 'आणखी भारी' करायला घेतो, तिथे.

मोठा टायर, छोटा हिशोब

सगळ्यांत लोकप्रिय बदल म्हणजे मोठे टायर. दिसायला भारी दिसतात, यात वाद नाही. आता थोडं गणित करू. थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ मापाचा टायर येतो. त्याची उंची साधारण ७८९ मिलिमीटर. त्याजागी ३३ इंची टायर बसवला तर उंची ८३८ मिलिमीटरच्या घरात जाते. म्हणजे चाक एकदा फिरलं की गाडी आधीपेक्षा सहा टक्के जास्त पुढे जाते. पण स्पीडोमीटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो जुन्याच चाकाचा हिशोब धरून चालतो. मूळ टायरवर जिथे काटा १०० दाखवायचा, तिथे आता गाडी त्याच १०० वर सहा टक्के जास्त धावते. कंपन्या काटा थोडा जास्तच दाखवेल असा ठेवतात, ती सगळी सूट इथेच खर्ची पडते. एक्स्प्रेस वेवर कारसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि वर कॅमेरे आहेत. चलन आल्यावर 'मी तर शंभरनेच चाललो होतो' हे कॅमेऱ्याला कोण सांगणार?

हिशोब तिथेच थांबत नाही. किलोमीटरचा आकडाही कमी पडतो. मीटरवर १०,००० दिसतात तेव्हा गाडी १०,६०० च्या आसपास पळालेली असते, म्हणजे सर्व्हिसही उशिरा होते. जड चाक फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो, थांबवायला ब्रेकला जास्त. ब्रेक मात्र जुनेच. टायर पूर्ण वळवला की चिखलपट्टीला घासतो, मग ती कापायची, मग तिथून पाणी आत, मग गंज.

दुसरा लाडका प्रकार म्हणजे लिफ्ट किट, गाडी उचलून घेणं. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट आहे, पण खोपोलीच्या वळणावर ती परीक्षेपेक्षा कडक विचारली जाते. शाफ्टचे कोन बदलतात, सांध्यांवर ताण येतो, ब्रेकचे पाइप ताणले जातात. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते म्हणजे हेडलाइट. गाडी वर गेली की तिचा झोतही वर जातो, थेट समोरच्याच्या डोळ्यात.

त्यावर पुन्हा छतावर एलईडीचा बार. डोंगरात, अंधारात, एकट्या वाटेवर त्याचा उपयोग आहे. पळस्पे फाट्यावर नाही. तिथे समोरून येणाऱ्या स्कूटीवाल्याला पुढचे दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी ५० च्या वेगाने स्कूटी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे ४० मीटर आंधळी कोशिंबीर, तीही आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर.

तिसरा प्रकार, लोखंडी बंपर आणि विंच. दोन्ही मिळून पुढच्या चाकांवर जवळपास एका माणसाचं वजन कायमचं येऊन बसतं. स्प्रिंग दबतात, स्टिअरिंग जड होतं. त्याहून गंभीर म्हणजे, कंपनीचा पुढचा भाग धडकेत दुमडला जावा असाच बनवलेला असतो. तो दुमडतो म्हणून आतली माणसं वाचतात, आणि एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर त्याच धक्क्यावरून ठरवतो. पुढे लोखंड ठोकलं की हे गणितच बदलतं. आणि समोर पायी माणूस असेल तर त्याच्यासाठी ते लोखंड म्हणजे लोखंडच. याच कारणांमुळे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं. त्यानंतरही हायवेच्या कडेला हे बंपर दुकानाच्या दारात उघड टांगलेले दिसतात, आणि घेणाऱ्याला वाटतं, विकतायत म्हणजे चालत असणारच.

'विकतायत' म्हणजे 'चालतं' नाही

इथेच खरी मेख आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. चार गोष्टी लावल्या तर हिशोब चारचा.

सायलेन्सर बदलून आवाज वाढवला किंवा धूर वाढवला तर कलम १९० आहे. पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वर तीन महिने लायसन्स हातातून जाऊ शकतं. अठरा वर्षं पूर्ण नसलेल्या धाकट्या भावाला 'एक राउंड मार' म्हणून चावी दिली तर कलम १९९-अ थेट पालकांना किंवा गाडीच्या मालकाला धरतं. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

यात 'मालक' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, हे लक्षात घ्या. बंपर बसवणारा दुकानात असतो, रील बघून 'भावा, आग लावलीस' अशी कमेंट करणारा घरी असतो. रस्त्यावर गाडी थांबवली जाते तेव्हा आरसीवर ज्याचं नाव आहे तोच उत्तर देतो. कॉलेजच्या वयात ते नाव बहुतेक वेळा वडिलांचं असतं. म्हणजे टायर आपण निवडायचे, आणि हजर वडिलांनी व्हायचं.

विम्याचंही तसंच. कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत येतोच, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथे अडकू शकतो. लाइटसाठी मूळ वायरिंग कापून जोड दिला असेल तर वॉरंटीवरही पाणी पडतं. फ्यूज आणि रिले न लावता ओढलेल्या वायरने गाडी पेटू शकते, ते वेगळंच.

जे दिसत नाही ते सांभाळणं

मग या गाडीचं करायचं काय? नुसती धुऊन दारात उभी ठेवायची? तर नाही. ती चालवायची, पण आधी ती समजून घ्यायची. आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी फुकट किंवा स्वस्त आहेत.

पहिली गोष्ट, टायरची हवा. चिखलात किंवा वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीशी त्याचा संपर्क वाढतो आणि रुतणारी गाडी बाहेर येते. हजारो रुपयांच्या टायरपेक्षा एक साधा हवेचा गेज आणि छोटा कंप्रेसर जास्त वेळा उपयोगी पडतो. पण डांबरी रस्त्यावर परत आल्यावर हवा पूर्ण भरायची. कमी हवेच्या टायरने हायवेवर वेग घेतला की टायर तापतो आणि फुटतो.

दुसरी, फोर बाय फोर कधी लावायचं. यातल्या बहुतेक गाड्यांत ते गरजेपुरतं लावायचं असतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावून ठेवलं तर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळा रस्ता कापतात, पण आतून एकमेकांना बांधलेली असतात. मग ती आतल्या आत भांडतात आणि गिअरचे भाग खातात. 'फोर लो' हा तर वेगासाठी नाहीच, तो चढाला, दगडाला, सावकाश निघायला आहे.

तिसरी, रिकामा हौदा. व्ही-क्रॉस आणि हायलक्सला मागे पाटे असतात, ते वजन वाहण्यासाठी. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी राहते, खड्ड्यात उडते आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला किंवा वळणावर एकदम ॲक्सिलरेटर दिला तर घसरायला बघते. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि धूळ यांचा काला झालेला असतो तेव्हा, हे आठवायचं.

चौथी, पाणी. कंपनी सांगते की थार ६५० मिलिमीटर आणि हायलक्स ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. हा आकडा साचलेल्या, संथ पाण्याचा समजा. वाहत्या ओढ्यात गुडघाभर पाणीसुद्धा गाडी बाजूला ढकलू शकतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही लाखांची असो, थांबायचं. आणि पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबत वाळवायचे, एअर फिल्टर बघायचा, डिफरन्शियलचं तेल तपासून घ्यायचं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदलायचं.

पाचवी गोष्ट नव्या डिझेल गाड्यांची. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी धरतो आणि गाडी सलग, बऱ्या वेगाने पळाली की ती जाळून स्वतःला साफ करतो. खांदा कॉलनी ते न्यू पनवेल स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारत राहिलं तर त्याला ती संधीच मिळत नाही, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यावर काही जण उपाय सांगतात, 'काढूनच टाक, रिमॅप करून घे, पिकअपपण वाढेल.' तो उपाय म्हणजे आपल्या गाडीची काजळी मागे स्कूटीवर बसलेल्या मैत्रिणीच्या फुप्फुसात भरायची. खरा उपाय सोपा आहे. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल वापरायचं आणि अधूनमधून गाडीला हायवेवर अर्धा तास मोकळं पळवायचं.

आणि सहावी, रुतलेली गाडी काढणं. हा स्टंट नव्हे. दोर नेहमी चॅसीच्या हुकलाच लावायचा, बंपरला किंवा मागच्या टो-बॉलला कधीच नाही. दोरावर जाजम, ओलं पोतं, जॅकेट असं काहीतरी जड टाकायचं, म्हणजे तुटला तर उसळणार नाही. आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करायचं. ताणलेला दोर किंवा हुक तुटला तर तो गोळीसारखा येतो. त्या क्षणी मोबाइल धरून सगळ्यांत जवळ उभा असतो तो आपला रीलवाला मित्र.

कुठे चालवायची?

गाडी कुठेही जाऊ शकते, म्हणून ती कुठेही न्यायची असते असं नाही. कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, बारा चौरस किलोमीटरच्या आसपासचं. अशा संरक्षित जंगलात वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहेच, पण जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरासाठी टायरचा एक पट्टासुद्धा पुरेसा असतो. डोंगराखालच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात जी चिखलाची वाट आपल्याला 'ट्रॅक' वाटते, ती तिथल्या पोरांची शाळेत जायची वाट असते. आपण दोन तास मजा करून निघून जातो. टायरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या चार महिने तिथेच राहतात.

किनाऱ्याचं तर विचारूच नका. २०२५ च्या पावसाळ्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली आणि ती बैलगाडीने ओढून काढली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. सगळे हसले, बैलांचं कौतुक झालं. पण रुतणाऱ्या गाड्यांत फोर बाय फोरवाल्यांचीही कमी नाही. भरतीचं पाणी ड्राइव्ह मोड बघून येत नाही. शिवाय खारं पाणी एकदा चॅसीत शिरलं की गंज आतून सुरू होतो, तो दोन वर्षांनी दिसतो. किनारा हा मच्छीमारांच्या कामाची जागा आहे, फिरायला आलेल्या मुलांची जागा आहे. आपल्या टायरची नाही.

दुसरी बाजूही खरी आहे

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग बंदच करा सगळं. आमचं तसं मत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळ बुडालं तेव्हा तिथल्या ऑफ-रोड क्लबच्या पोरांनी आपल्या उंच, बदललेल्या जीप पाण्यात घालून माणसं आणि औषधं पोहोचवली. आणि पुढच्याच जानेवारीत गाड्यांमध्ये बदल नको असं सांगणारा जो निकाल आला, तोही केरळच्याच प्रकरणात. दोन्ही गोष्टी एकाच राज्यातल्या आणि दोन्ही खऱ्या. याचा अर्थ एवढाच की बदल ही गोष्ट मुळात वाईट नाही. कुणी तपासली नाही, कुठे नोंदली नाही आणि भलत्या रस्त्यावर आणली की ती वाईट होते.

मशीनची मर्यादाही आपण जवळून पाहिली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. मदतीला गेलेली माणसं भर पावसात, निसरड्या वाटेने पायी चढली. तिथे कुठलीच फोर बाय फोर कामाची नव्हती, पाय कामाचे होते.

म्हणून सरकारकडेही मागणं आहे. सीएनजी किटचं उदाहरण घ्या. ते कंपनीने बसवलेलं नसलं तरी बाहेरून बसवता येतं. कारण त्याची एक वाट ठरलेली आहे. किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारा अधिकृत हवा, आरटीओत जाऊन आरसीवर नोंद हवी, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी हवी. लाखो गाड्या या वाटेने गेल्या. मग सस्पेन्शन, टायर, विंच यांच्यासाठी अशी वाट का नको? जर्मनीत गाडीत बदल करणारे कमी नाहीत, पण तिथे सुट्या भागासोबत मान्यतेचा कागद येतो, गरजेप्रमाणे तपासणी होते आणि गाडीच्या कागदांवर नोंद होते. आपल्याकडे तर गाड्यांची आणि सुट्या भागांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, एक्स्प्रेस वेच्या दुसऱ्या टोकाला.

तोवर निदान परिवहन विभागाने साध्या मराठीत एक यादी लावावी. काय चालतं, काय परवानगीने चालतं, काय कधीच चालत नाही. ती आरटीओच्या भिंतीवर लावा, कॉलेजच्या नोटीस बोर्डवर लावा, ॲक्सेसरीजच्या दुकानात तर सक्तीने लावा. कारवाई करायची तर ती फक्त रस्त्यावर थांबवलेल्या पोरावर नको, बेकायदा बंपर उघड विकणाऱ्या काउंटरवरही हवी. आणि ज्यांना खरोखर चिखलात उतरायचं आहे त्यांच्यासाठी पनवेल-उरण-खालापूरच्या पट्ट्यात एखादा अधिकृत ट्रॅक हवा. शिकवणारे, हेल्मेट, ॲम्ब्युलन्स आणि ठरलेली फी, सगळ्यांसकट. खेळायला मैदान दिलं नाही की पोरं रस्त्यावर खेळतात, हे क्रिकेटने आपल्याला कधीच शिकवलंय.

पैसा एकदाच येतो

शेवटची गोष्ट थोडी घरातली आहे. या भागात अनेक घरांत गाडी आली ती जमिनीच्या पैशातून. त्या पैशाला इतिहास आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली. ८ ऑक्टोबर २०२५ ला ज्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तो याच गावांच्या जमिनीवर उभा आहे. जमीन एकदाच जाते, म्हणून तिचा पैसाही एकदाच येतो.

त्या पैशातून गाडी घेऊ नये असं सांगणारे आम्ही कोण? ज्यांच्या आज्यांनी भाताची आवणी केली, त्यांच्या दारात हायलक्स उभी असेल तर आनंदच आहे. फक्त हिशोब डोळ्यांसमोर असू द्या. हायलक्सची टाकी ८० लिटरची. लिटरला ९० रुपये धरले तरी एकदा फुल करायला ७,२०० रुपये. चार टायर, विमा, सर्व्हिस, क्लचप्लेट हे पुन्हा पुन्हा येणारे खर्च. आणि गाडी विकायला काढली की वर लावलेल्या दोन-तीन लाखांच्या सामानाचे पैसे घेणारा देत नाही. उलट 'काय काय उघडलंय हिचं?' म्हणून भाव पाडतो. ज्यांच्या घरात गाडी हप्त्यांवर आली आहे, त्यांच्यासाठी तर हा हिशोब आणखी कडक.

म्हणून घरात अशी गाडी असेल, किंवा उद्या येणार असेल, तर पहिल्या वर्षी तिला काहीच लावू नका. मॅन्युअल वाचा. चाक स्वतः बदलून बघा. तेल कुठून तपासतात, फ्यूज कुठे असतात, जॅक कुठे लावतात हे स्वतः करून शिका. एक पूर्ण पावसाळा ती जशी आहे तशी चालवा. मग लक्षात येईल की अडतं कुठे, आणि जे अडलं तेवढंच, परवानगी आणि नोंद करून बदला. बहुतेकांना कळेल की अडत होतं ते चालवणाऱ्याचं, गाडीचं नव्हे.

आणि पुढच्या वेळी कट्ट्यासमोरून अशी गाडी गेली की 'काय लावलंय' याच्या आधी एक साधा प्रश्न विचारून बघा. 'हवा किती ठेवतोस रे?' ज्याला आकडा पाठ आहे, त्याच्या गाडीत मागे बसायला हरकत नाही.